सहा प्रश्न

मुलांनो, मोठी माणसं तुम्हाला सारखे प्रश्न विचारतात ना? "कुठे चाललास?", "कशाला चाललीस?", "उशीर झाला तर?", "पडलास तर?" कधी कधी वैताग येतो. पण आज मी तुम्हाला अशा एका मुलीची गोष्ट सांगणार आहे, जिला असेच सहा प्रश्न विचारले गेले. ती वैतागली नाही, रडली नाही आणि पळूनही गेली नाही. भर सभेत उभी राहिली आणि एकेका प्रश्नाचं उत्तर देत गेली. तेव्हा ती होती अवघी 17 वर्षांची!

पण तिच्याआधी दुसऱ्या एका मुलीची गोष्ट. कारण तिच्यामुळेच तर मला ही गोष्ट नीट कळली.

आमची शाळा नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगरात आहे. पहिली ते पाचवीची लहानशी शाळा. पाचवी झाली, की पुढच्या शिक्षणाला दूरच्या निवासी शाळेत जावं लागतं. पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. तिचं खरं नाव मी सांगणार नाही, आपण तिला 'ताई' म्हणू. कारण त्या पावसाळ्यात ती 27 दिवस ताई झाली होती.

तिला भाऊ झाला होता. शाळा सुटली की दप्तर पाठीवर टाकून ती पळतच घरी जायची. "मॅडम, त्याने माझं बोट धरलं!" असं रोज काहीतरी नवीन सांगायची. मग एक दिवस ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाळाला न्यूमोनिया झाला होता. तीन दिवस पाऊस थांबला नव्हता, रस्त्यावर दरड आलेली. झोळीत घालून त्याला डोंगर उतरवला, पण दवाखाना येण्याआधीच सारं संपलं होतं.

आठवड्याने ताई शाळेत आली. पाढे म्हणायची, गणितं सोडवायची, पण हसायची नाही. उन्हाळ्यात निवासी शाळेचा फॉर्म भरायची वेळ आली, तेव्हा मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, मी नाही जाणार."

मी कारण विचारलं. ती काही बोलली नाही. मला भाषण करता आलं असतं. शिक्षकांना भाषण करायला कितीसा वेळ लागतो! पण मी गप्प बसले. का, ते सांगते.

मी स्वतः 17 वर्षांची असताना डी.एड. करायला घर सोडून नंदुरबारला आले होते. पहिल्याच पावसाळ्यात वडील गेले. निरोप मिळाला, एस.टी. मिळाली, पण घरी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. तेरा दिवस झाल्यावर मी आईला म्हटलं, "आता मी परत जात नाही." आई भाकरी थापत होती. मान वरही न करता म्हणाली, "रडायला इथे मी आहे. शिकायला तू जा." मी गेले. पण कितीतरी दिवस वसतिगृहात मैत्रिणींबरोबर हसू आलं, की मला चोरी केल्यासारखं वाटायचं. ताई गप्प का आहे, ते म्हणूनच मला थोडंफार उमगत होतं. त्यावर भाषणाचा उपाय नाही, हेही मला ठाऊक होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला मी साऱ्या वर्गाला गोष्ट सांगितली. तीच आता तुम्हालाही सांगते.

31 मार्च 1865. कल्याणच्या जोशांच्या घरात एक मुलगी जन्मली. नाव ठेवलं यमुना. त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षीच तिचं लग्न झालं. नवरा, गोपाळराव जोशी, तिच्यापेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठा, पोस्टात नोकरीला. सासरचं नाव मिळालं आनंदी. गोपाळरावांना एकच ध्यास होता, बायकोला शिकवायचं! बायकांनी पाटी हातात धरली, तरी लोक नावं ठेवत असा तो काळ. त्यामुळे ध्यास मोठाच म्हणायचा. पण मुलांनो, त्यांची रीत फार कठोर होती. अभ्यास झाला नाही तर ते तिला मारत. शिकवायचं म्हणून मारणं तेव्हाही चूकच होतं आणि आजही चूकच आहे. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येणार आहे.

आनंदी 14 वर्षांची असताना तिला मुलगा झाला. हो, 14 वर्षांची! तुमच्यातल्या आठवी-नववीच्या मुलींएवढी. आणि ते बाळ फक्त दहा दिवस जगलं.

इथवर मी आले आणि ताईने पहिल्यांदा मान वर केली. म्हणाली, "मॅडम, त्याचं नाव काय होतं?"

वर्ग एकदम गप्प झाला. मी म्हटलं, "बाळा, बारसं बाराव्या दिवशी करतात ना? ते बाळ दहा दिवसांचंच होतं."

इतक्या वेळा ही गोष्ट वाचली होती, पण हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. नाव ठेवायच्या आधीच गेलेलं बाळ! मोठ्या माणसांच्या पुस्तकांत ते एका वाक्यात येतं आणि आपण पुढे जातो. एका ताईलाच ते थांबवून विचारावंसं वाटलं.

बाळ गेल्यावर आनंदीच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. वेळेवर योग्य औषधपाणी मिळालं असतं तर? त्या काळात बायका पुरुष डॉक्टरांकडे जायला संकोचत, दुखणं अंगावर काढत. आणि हिंदुस्थानी बायकांमध्ये डॉक्टर तर कोणी नव्हतं. मग आपणच का होऊ नये? 14 वर्षांच्या मुलीच्या दुःखातून हा विचार उगवला. अशा दुःखात रडू तर येतंच, आणि रडावंही. पण रडून झाल्यावर मागे जो प्रश्न उरतो ना, त्याचा हात तिने सोडला नाही.

आता अमेरिकेतल्या एका गावाची गोष्ट. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावी कार्पेंटर नावाच्या एक बाई राहत. 1880 साली त्या दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. नंबर येईपर्यंत बसल्या बसल्या समोरचं मासिक चाळू लागल्या. त्यात हिंदुस्थानातल्या एका पोस्टाच्या कारकुनाचं पत्र छापलेलं होतं. माझ्या बायकोला शिकायचं आहे, कुणी मदत कराल का, अशा अर्थाचं. ते कारकून म्हणजे आपले गोपाळराव. कार्पेंटरबाईंना राहवलं नाही. त्यांनी थेट आनंदीला पत्र पाठवलं. मग पत्रांवर पत्रं सुरू झाली. एक पत्र पोचायला आठवडेच्या आठवडे लागत. तरी ओळख वाढत गेली आणि कधी भेट झालेली नसतानाही आनंदी त्यांना 'मावशी' म्हणू लागली. बघा, दात दुखला नसता तर! (आमच्या वर्गातला एकजण इथे म्हणाला, "मॅडम, माझाही दात दुखतोय." तेव्हा सगळ्यांबरोबर ताईही किंचित हसली.)

आनंदीने अमेरिकेला जायचं ठरवलं, तशी लोकांत कुजबुज सुरू झाली. गोपाळरावांची बदली तेव्हा बंगालमध्ये श्रीरामपूरला झालेली होती. (हे आपलं अहिल्यानगर जिल्ह्यातलं श्रीरामपूर नव्हे हं! कलकत्त्याजवळचं.) 24 फेब्रुवारी 1883 या दिवशी तिथल्या कॉलेजच्या सभागृहात आनंदी व्याख्यानाला उभी राहिली. लोक तिला जे सहा प्रश्न विचारत होते, ते तिने स्वतःच सभेपुढे मांडले.

पहिला, मी अमेरिकेला का जाते? दुसरा, इथे हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? तिसरा, एकटीच का जाते? चौथा, परत आल्यावर समाज वाळीत टाकणार नाही का? पाचवा, तिकडे काही बरंवाईट झालं तर काय? आणि सहावा, आजवर कुठल्या बाईने केलं नाही, ते मीच का करावं?

उत्तरं तिने इंग्रजीतून दिली, शांतपणे. आपल्या देशात स्त्री-डॉक्टरांची नितांत गरज आहे, म्हणून जाते, हे पहिलं उत्तर. एकटी जाते, कारण यजमानांवर घरच्या माणसांची जबाबदारी आहे. आणि वाळीत टाकण्याचं भय नाही, कारण जशी जाते तशीच राहीन आणि तशीच परत येईन. तिने कुणालाही दूषण दिलं नाही. लोकांचे प्रश्न तिने आधी आपल्या मनाला विचारून पाहिले होते, म्हणूनच तिला ती उत्तरं देता आली.

7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून बोट सुटली. नुकतं अठरावं वर्ष पूर्ण झालेलं. नवरा बरोबर नाही, माहेरचं माणूस नाही, सोबत काही परदेशी बायका. मांसाहार करायचा नाही हे ठरलेलं, त्यामुळे खाण्याचे हाल. जवळजवळ दोन महिने पाणीच पाणी! 4 जूनला न्यूयॉर्क आलं आणि धक्क्यावर कार्पेंटरमावशी घ्यायला आल्या.

त्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. हे कॉलेज 1850 साली स्थापन झालेलं, खास स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी. तिथल्या प्रमुख रॅचेल बॉडली यांनी तिला मायेने सांभाळलं. पण हाडं गोठवणारी थंडी, परकं अन्न, सतत आजारपण हे सगळं सोसायचं होतं ते तिलाच.

तिथे तिला साऱ्या जगातून आलेल्या मुली भेटल्या. ऑक्टोबर 1885 मध्ये काढलेला एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात तिघीजणी आपापल्या देशाच्या वेषात आहेत. आपली साडीतली आनंदी, जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबत इस्लामबुली. तिघीही पुढे डॉक्टर झाल्या. मिळाला तर हा फोटो जरूर बघा.

आणि मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ना? लहानपणी मुकाट्याने मार खाणाऱ्या याच मुलीने अमेरिकेतून गोपाळरावांना पत्र लिहिलं. दहाव्या वर्षापासून आपल्याला कसा मार बसला, काय काय फेकून मारलं गेलं, हे तिने त्यात स्पष्ट लिहिलं. आदर सोडला नाही, त्यांचे उपकार नाकारले नाहीत, पण खरं ते लपवलंही नाही. मला विचाराल तर, आनंदी त्या पत्रात मोठी झाली. दूरदेशी गेल्यावर नवी शहरं दिसतात, तसं आपलं घरही नीट दिसू लागतं. त्यातलं चांगलं काय आणि चुकीचं काय, हे दुरून कळतं.

11 मार्च 1886 रोजी आनंदी डॉक्टर झाली. एम.डी.! समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाईही होत्या. पदवीसाठी तिने जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय कोणता होता, ठाऊक आहे? आपल्याकडचं प्राचीन प्रसूतिशास्त्र. म्हणजे बाळंतपणात आईची आणि बाळाची काळजी कशी घेत, त्याची विद्या.

गोष्ट इथेच संपवता आली असती तर मला आवडलं असतं. पण खोटं सांगू नये. कोल्हापूरच्या दवाखान्यात स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूक झाली होती. पण तिला क्षयाने गाठलं होतं आणि त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. नोव्हेंबर 1886 मध्ये ती मायदेशी परतली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारली. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. कोल्हापूरला कामावर रुजू होणं घडलंच नाही. तिची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरमावशींकडे पाठवली आणि मावशींनी ती न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली.

गोष्ट संपली तेव्हा शाळा सुटायची घंटा होऊन गेली होती, पण कोणी उठलं नाही. मी म्हटलं, "आनंदीने सहा प्रश्न मांडले होते. तुम्हीही आपापल्या मनातले सहा प्रश्न लिहून आणा. मला दाखवलेच पाहिजेत असं नाही."

दुसऱ्या दिवशी ताईने वही आणून माझ्या टेबलावर ठेवली. तिच्या परवानगीने ते प्रश्न इथे देते.

1. मी गेले तर आईजवळ कोण?
2. तिथे आमची बोली कोणाला येते का?
3. रात्री भीती वाटली तर?
4. मी तिथे हसले तर मी भावाला विसरले असं होईल का?
5. नापास झाले तर परत या शाळेत घ्याल का?
6. मॅडम, तुम्ही इथेच असाल का?

पाच प्रश्न सोपे होते. आईजवळ आत्या थांबणार होती. बोली येणाऱ्या मुली तिथे पुष्कळ होत्या. चौथा प्रश्न मात्र माझाच होता. वयाच्या 17व्या वर्षी तो मलाही पडला होता, पण लिहायचं धाडस झालं नव्हतं.

मी तिला जवळ बसवलं. म्हटलं, "आनंदी अमेरिकेत गेली. मैत्रिणी केल्या, फोटो काढला, परीक्षा दिल्या. हसलीही असेलच. आणि शेवटी प्रबंध कशावर लिहिला?"

ती विचार करून म्हणाली, "बाळांवर."

"मग ती बाळाला विसरली होती का?"

तिने नुसती मान हलवली. त्या दिवशी तिला उत्तर मिळालं, आणि खरं सांगू का, मलाही मिळालं.

पालकांनाही चार शब्द सांगायचे आहेत. घरात दुःख झालं की आपण मुलांपासून ते झाकतो. "तू लहान आहेस, तुला काय कळतं," म्हणतो. पण मुलं सगळं पाहत असतात आणि न विचारलेले प्रश्न दप्तरात घेऊन हिंडत असतात. उत्तर येत नसलं तरी चालेल, प्रश्न तेवढा ऐकून घ्या. ताईच्या आईवडिलांना तिने ती वही वाचून दाखवली. वडील बराच वेळ बाहेर जाऊन बसले. आई म्हणाली, "जाऊ दे. फक्त सुट्टीला घरी येऊ दे."

आनंदीची वाट तिच्याबरोबर संपली, असं मात्र समजू नका. तिच्यानंतर डॉक्टर रखमाबाई इंग्लंडला जाऊन शिकल्या. परत येऊन त्यांनी अनेक वर्षं डॉक्टर म्हणून काम केलं, आणि तेही कुठे? आपल्या नंदुरबारहून रेल्वे जाते त्या सुरतेत! आणि अगदी अलीकडे, 2020 साली कोरोनाच्या दिवसांत, आपल्याच जिल्ह्यातल्या चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे स्वतः नाव वल्हवत नर्मदेच्या काठच्या पाड्यांवर जात होत्या. कशासाठी? तिथली बाळं आणि गरोदर बाया यांचा आहार आणि तपासणी चुकू नये म्हणून. कलकत्त्याहून निघालेली ती बोट आणि नर्मदेतली ही नाव, मला तर एकाच प्रवासातल्या वाटतात.

ताई जूनमध्ये निवासी शाळेत गेली. नवव्या दिवशी रडत रडत परत आली. दोन दिवस राहिली, आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि पुन्हा गेली. दिवाळीच्या सुट्टीत मला भेटायला आली, तेव्हा तीच वही हातात होती. सहा प्रश्नांच्या खाली सातवा लिहिला होता, "न्यूमोनिया झाला म्हणजे बाळाच्या आत काय होतं?"

आम्ही दोघी शाळेच्या पायरीवर बसलो. मी वहीत फुप्फुसाचं चित्र काढलं. जंतूंमुळे हवेच्या बारीक पिशव्यांत पाणी-पू साठतो, मग बाळाला पुरेशी हवा मिळत नाही. म्हणून श्वास भराभर चालतो, श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जाते, बाळ दूध ओढत नाही. असं दिसलं की वाट पाहायची नाही. लगेच आशाताईंना सांगायचं, 108 नंबरला फोन करायचा, आणि वेळेवर औषध मिळालं तर बाळ बरं होतं, हे सगळं मी तिला सांगितलं. तुम्हीही हे लक्षात ठेवा आणि घरी सांगा, बरं का! तिने सगळं लिहून घेतलं. मग चित्राखाली, अगदी लहान अक्षरात, आपल्या भावाचं नाव लिहिलं.

तर मुलांनो, एक वही घ्या आणि पहिल्या पानावर तुमचे सहा प्रश्न लिहा. उत्तरं आज आली नाहीत तरी हरकत नाही. पान मात्र फाडू नका.